पास, रिजेक्ट आणि राणेकाकू

राणेकाकूंनी माझ्या गाजरहलव्याला पिवळा स्टिकर लावला, तेव्हापासून मी त्यांना ओळखते. आम्ही बदलापूरच्या शिरगावात नवीन राहायला आलो होतो. समोरच्या बिऱ्हाडाशी ओळख व्हावी म्हणून मी मोठ्या हौसेनं डबाभर हलवा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो धुतलेला, पुसलेला, आत शेंगदाण्याचे लाडू आणि झाकणावर एक गोल पिवळा ठिपका. मला वाटलं, डबा ओळखू यावा म्हणून खूण केली असेल.

"पिवळा म्हणजे रीवर्क," काकू दारातूनच म्हणाल्या. "गाजर जरा कच्चं राहिलं, साखर घाईत पडली. मटेरियल उत्तम आहे. परत आटव, पास होईल."

अगं बाई! असा काही राग आला मला. घरात येऊन नवऱ्याला म्हटलं, "समोर बाई राहते की फॅक्टरी?" तो हसत सुटला. मी फणफणत उरलेला हलवा गॅसवर ठेवला आणि पुन्हा आटवला. चांगला झाला मेला.

काकू अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होत्या. माल तपासायचा आणि स्टिकर लावायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे दुरुस्त करून परत आणा. रिटायर होताना कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकूंनी ते घेतलं आणि वर स्टिकरच्या उरलेल्या गुंडाळ्याही मागून आणल्या. मग काय, बदलापूरच्या बाजारातलं कलिंगड त्यांच्या हातून सुटेना, सोसायटीच्या नोटीसबोर्डावरचं अशुद्ध मराठी सुटेना. माझ्या नणंदेला एक स्थळ आलं होतं, त्या मुलाच्या फोटोच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागला. पुढं तो मुलगा खरंच वाईट निघाला की नाही, देव जाणे; पण नणंदेनं नकार दिला आणि आमच्या सासूबाई काकूंशी महिनाभर बोलल्या नाहीत.

काकूंना त्याचं काही नव्हतं. त्या म्हणायच्या, "लोकांना हिरवा आणि लाल तेवढा कळतो गं. पिवळ्याला वेळ द्यावा लागतो ना, म्हणून लाल लावून मोकळे होतात." हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की आमच्या घरात पुढचं वाक्य मागचं संपायच्या आत कुणीतरी पूर्ण करायचं.

मी एकदा विचारलं, "काकू, तुमच्यावर कुठला लावायचा?"

"इन्स्पेक्टरला कोण तपासणार? तशी पोस्टच नव्हती आमच्याकडे," म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

काका, म्हणजे रमाकांत राणे, अगदी उलटे. त्यांना सगळंच पास. आमटी आळणी असली तरी पास, क्रिकेटमध्ये आपण हरलो तरी पास. मालवणकडचे होते. आईबाप लहानपणीच गेले, मोठ्या बहिणीनं, आक्कानं वाढवलं. एक लाल गाडी होती त्यांची, तिच्यावर त्यांचा भारी जीव. रविवारी गाडी धुवायची आणि मग आक्काला फोन करायचा, हा नेम. त्या आनंदी माणसाला एका सकाळी दाढी करताना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलातून घरी आले ते काठी घेऊन, तोंड जरा वाकडं, बोलणं जड. कॉटवर बसता बसता काकूंना म्हणाले, "मला आता लाल लाव."

मी तिथंच होते. काकूंनी ड्रॉवर उघडला, पिवळा स्टिकर काढला आणि त्यांच्या काठीवर, मुठीच्या खाली, अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवला. "उगाच निकाल देऊ नका. तुमचं काम नाही ते," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ वाहत होता.

काका हळूहळू चालायला लागले. पण दुखण्यानं एक वाईट खोड मागं ठेवली. लघवीला लागली की लागली, थांबता येत नसे. आणि जायचं तर कुणीतरी धरायला हवं. पावसाळा सरल्यावर काकूंनी ओळखीचा ड्रायव्हर घेऊन आक्काकडे जायचा घाट घातला. पनवेलच्या आधीच परत आले. रस्त्यात काय झालं ते काकूंनी मला सांगितलं नाही, पण गाडीतली चादर त्यांनी स्वतः धुतली आणि गच्चीवर वाळत घातली, ते मी पाहिलं. काका त्या दिवसापासून घराबाहेर पडेनात. लाल गाडी विकायला लावली. "मला आता खालीसुद्धा नेऊ नको," म्हणाले. बस्स.

आणि तिकडं दर रविवारी आक्काचा फोन. ऐंशी ओलांडलेली बाई, तिला स्वतःला अंगणापलीकडे चालवत नव्हतं. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे आमच्या घरातही ऐकू यायचा.

"रमाकांता, कधी येतलंस रे?"

"येतलंय आक्के, येतलंय."

"माझे डोळे मिटाच्या आदी एकदा तोंड दाखव."

फोन ठेवला की काका भिंतीकडे तोंड करून पडायचे. एका रविवारी काकू आमच्याकडे आल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "प्रॉब्लेम काय आहे? प्रवास नाही. संडास आहे. मग संडास बरोबर नेऊ या."

मी म्हटलं, "म्हणजे?"

त्यांनी मोबाइल पुढं केला. आत बिछाना, ओटा, बेसिन आणि संडासासकट न्हाणीघर असलेली एक लांबलचक गाडी! परदेशात असतात तशी. मी म्हटलं, "काकू, ह्या नवीन घ्यायच्या तर घर विकावं लागेल." त्या म्हणाल्या, "नवीन कोण घेतंय? तू उल्हासनगरात नोकरी करतेस ना? तिथं काय मिळत नाही?"

मी उल्हासनगरच्या एका पतपेढीत काउंटरला बसते. आमचे निम्मे खातेदार सिंधी व्यापारी. तिथं बसून मराठी माणूससुद्धा दिवसातून दहादा "हां साईं, बोलो साईं" करायला लागतो. मी दोघाचौघांना विचारून ठेवलं, आणि खरंच, फर्निचरवाल्या हरीशशेठांकडे अशी गाडी निघाली. डिझेलची. जुन्या मिनीबसवर हौसेनं बांधून घेतलेली, कागदावर रीतसर घरगाडी म्हणून चढवलेली. विठ्ठलवाडीच्या पलीकडं त्यांच्या गोदामात सोफ्यांच्या रांगेत उभी होती.

आम्ही गेलो. हरीशशेठ गोड माणूस. "आओ आओ मॅडम, बसा. चाय घेणार ना?" गाडी पुसून चकाचक केलेली, इंजिन सुरू. काकूंनी चहाला नको म्हटलं नाही, पण पहिल्यांदा गेल्या त्या बॉनेटकडे, आणि म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा तळहात ठेवला.

"गरम आहे," म्हणाल्या.

"अहो मॅडम, तुमच्यासाठीच तर चालू करून ठेवली! एकदम मक्खन आवाज आहे, सुनो."

"गरम डिझेल इंजिन कुठलंही मक्खन वाटतं. थंड दाखवा. उद्या सकाळी येते, तोपर्यंत चावी लावू नका." चहा संपवला, उठल्या.

रिक्षात मी म्हटलं, "शेठ चिडले असतील." काकू म्हणाल्या, "चिडू दे. लपवायचं असेल तर चिडतो. नसेल तर उद्या थांबतो."

हरीशशेठ थांबले. गाडी थंडगार. त्यांनी चावी मारली, गाडी खोकली, पांढरा धूर निघाला आणि थोड्या वेळानं निवळला. काकू मागं उभ्या राहून धुराकडे अशा बघत होत्या की जसं काही नातवाचं बारसं चाललंय. मग त्यांनी इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवलं. "उडालं तर इंजिन आतून झिजलंय," मला म्हणाल्या. कंपनीच्या जनरेटरवर शिकल्या होत्या. झाकण जरा थरथरलं, पण जागेवर राहिलं. काकूंनी पर्समधून हिरवा स्टिकर काढून बॉनेटवर लावला. शेठचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, झालं काम!

कसलं काय! काकू आत चढल्या. पिशवीतून पातेलं आणि दुधाची पिशवी काढली. शेठना म्हणाल्या, "गॅस पेटवा. आता गाडी गोदामाला एक फेरी मारा, हळू. दूध सांडता कामा नये."

"मॅडम, गाडी लेने आये हो या खीर बनाने?" शेठ मराठी विसरले.

"सांडलं तर मागचे पाटे गेलेत. पाटे म्हणजे स्प्रिंगा."

शेठनी गाडी चालवली, मी पातेल्यावर नजर ठेवून, काकू ओटा धरून उभ्या. दूध हिंदकळलं, कडेपर्यंत आलं, पण सांडलं नाही. दुसरा हिरवा. मग काकू न्हाणीघरात गेल्या आणि आतून कडी लावली. बराच वेळ गेला. शेठ माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. शेवटी शेठ हळूच म्हणाले, "ताई, मॅडमची तब्येत ठीक आहे ना?"

आतून आवाज आला, "ठीक आहे. बसून बघतेय. तू पण आत ये गं."

मी आत गेले. मी कमोडवर काका व्हायचं, माझा उजवा हात लुळा, आणि काकू मला उठवणार. असं आम्ही तीनदा केलं. हसावं की रडावं, कळेना. तिसऱ्यांदा काकूंचा पाय जमिनीवर जोरात पडला आणि पावलाखालची फळी दबली. काकूंनी परत दाबून पाहिलं. मग त्या वयात, त्या साडीत, दोन्ही पायांनी उड्या मारल्या. फळी रडल्यासारखी करकरली. पाणी मुरून लाकूड कुजलं होतं.

बाहेर येऊन त्यांनी न्हाणीघराच्या दारावर पिवळा स्टिकर लावला. हरीशशेठ दुखावले. "मॅडम, आगे हरा, बीच में हरा, और यहाँ पीला क्यों?"

काकूंनी पिवळ्याचं सगळं समजावलं. शेठ सोफ्यावर बसत म्हणाले, "ही गाडी मी अम्मासाठी बनवली होती. हरिद्वार न्यायचं होतं तिला. धंद्यातून फुरसतच नाही मिळाली. ती रोज दुपारी इथंच गोदामात गाडीत येऊन बसायची. खिडकी उघडून मला म्हणायची, 'हरीश, अभी कहाँ पहुँचे?' मी सांगायचो, मथुरा. सांगायचो, आग्रा." त्यांनी तोंड फिरवलं. "गेली ती. गाडी इथंच."

काकू त्यांच्या शेजारी बसल्या. मला वाटलं, आता या काहीतरी समजुतीचं बोलतील. त्या म्हणाल्या, "मग ही फळी तुम्हीच बदलून द्या. तुमच्याकडे सुतार आहेत. धरायला दांडे पण लावा, डाव्या हाताच्या उंचीवर. ही गाडी कुठंतरी पोचली पाहिजे ना."

शेठ एकदम उभे राहिले. त्यांच्या सुतारांनी नुसती फळी नाही, अख्खी जमीन नवी केली, दांडे लावले, दारात घडीची पायरी दिली. पैशाचं बोलणं झालंच, दोघांनीही एकमेकांना पुरतं पिळलं, पण शेवटी हात जोडून निघाले ते बहीणभाऊ असल्यासारखे.

गाडी शिरगावात आली आणि सोसायटीत गहजब. वॉचमन म्हणाला अँब्युलन्स, पोरं म्हणाली हिरोइनची व्हॅनिटी, आणि काका, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते गॅलरीतून एकदाच बघून म्हणाले, "तुझा तो फिरता संडास तुलाच लखलाभ. मी त्यात बसणार नाही." आणि आत निघून गेले.

काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पूजेचं मनावर घेतलं. इथं नवीनच पेच. गाडीची पूजा करायची की वास्तुशांत? अंबरनाथहून गुरुजी आले, त्यांनी चाकाखाली ठेवायला लिंबं काढली. काकू म्हणाल्या, "गुरुजी, हे घर आहे. ओटा आहे, न्हाणीघर आहे. वास्तू म्हणून करा." गुरुजींनी दोन्ही करायचं कबूल केलं, मग देव ठेवायला गेले आणि अडले. "वहिनी, पूर्व कुठली धरायची? गाडी वळली की देव पश्चिमेला!" काकूंनी घरात जाऊन जेवणाच्या टेबलावरचं फिरतं तबक आणलं, त्यावर गणपती ठेवला आणि म्हणाल्या, "गाडी वळेल तसा देव फिरवू." गुरुजींनी कपाळाला हात लावला, पण मंत्र म्हटले.

मग दूध उतू घालायचं. तेच पातेलं, तोच गॅस. दूध फसफसून ओट्यावर आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी काकूंच्या कानात म्हटलं, "परवा सांडलं असतं तर रिजेक्ट, आज सांडलं तर शुभ?" त्या म्हणाल्या, "टेस्ट वेगळी, स्पेसिफिकेशन वेगळं." पण त्यांची नजर वर गॅलरीकडे होती. गॅलरीचं दार बंद होतं.

आता चालवणार कोण? काकूंकडे लायसन्स होतं, म्हणजे कपाटात होतं. पालेगावकडं नवीन इमारतींसाठी रुंद रस्ते केलेत, तिथं त्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मुलीबरोबर रोज सकाळी जायच्या. ती मुलगी मला म्हणाली, "काकूंचा हात छान आहे, गिअर एकदम स्मूथ." म्हणून तर मला पुढच्या प्रकाराचं नवल वाटलं.

एका रविवारी आक्काचा फोन येऊन गेल्यावर काकू खाली उतरल्या, गाडीत बसल्या आणि बरोबर आमच्या गॅलरीखाली गाडी मागं-पुढं करायला लागल्या. आणि गिअर टाकताना असा आवाज की दातांवर दात घासावे! खर्रर्र, खर्रर्र. गाडी आचके द्यायची, बंद पडायची, परत खर्रर्र. मी गॅलरीत धावले. काकूंच्या गॅलरीचं दार धाडकन उघडलं आणि काका बाहेर आले.

"क्लच!" काका ओरडले. इतक्या महिन्यांत त्यांचा एवढा स्पष्ट शब्द मी ऐकला नव्हता. "क्लच दाब! पूर्ण दाब!"

खर्रर्र.

"अगो, गिअरबॉक्सचा चुरा करतेस! पहिल्यात टाक! पहिल्यात!"

काकूंनी खिडकीतून मान काढली. "ऐकू येत नाही! काय म्हणताय?"

काका तोंडातल्या तोंडात मालवणीत काहीतरी पुटपुटले, ते लिहिण्यासारखं नव्हतं. आणि वळले. मला वाटलं, आत गेले. तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. मी जिन्यानं धडधडत खाली. काका लेंग्यातच होते, पायात एकच चप्पल, काठी टेकत टेकत गाडीपाशी गेले, घडीच्या पायरीवर डावा पाय ठेवला, दांडा डाव्या हातानं पकडला आणि आत चढले. कुणी हात दिला नाही. काकू पुढं बघत बसून राहिल्या.

"आता दाब," काका म्हणाले. "पूर्ण. हां. सोड हळू."

गाडी मक्खनासारखी निघाली, फाटकातून बाहेर पडली. मी तिथंच उभी राहून ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी गाडी आली ती बार्वी धरणापर्यंत जाऊन. काकूंना मी नंतर विचारलं, "तो आवाज मुद्दाम काढला ना?" त्या म्हणाल्या, "मी? गिअरबॉक्सवर असा अत्याचार मी करेन?" आणि भाजी परतायला लागल्या.

पुढच्या शनिवारी पहाटे ते आक्काकडे निघाले. काका पुढच्या सीटवर, दाढी केलेली, काठी मांडीवर. मी काठीवरच्या पिवळ्या ठिपक्याकडे बोट दाखवून म्हटलं, "काकू, आता हिरवा लावायचा ना?" काकू म्हणाल्या, "अजून डिलिव्हरी व्हायचीय. रस्त्यात स्टिकर लावत नाहीत." घराची चावी माझ्या हातात दिली, कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं. मी म्हटलं, "सांभाळून जा." काका म्हणाले, "'जा' नको, 'या' म्हण गं बाय. येतो."

त्यानंतर मी काकूंना समोरासमोर पाहिलेलं नाही. आठवड्याभरासाठी गेलेले लोक तिकडंच रमले. आज आंबोली, उद्या गोकर्ण, आणि फिरून झालं की पुन्हा आक्काच्या अंगणात. मी कुंड्यांना पाणी घालते. काकूंच्या गॅलरीत या वर्षी मोगरा खूप आला.

पण निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला होता, तो मला दिसतो अजून. मोबाइल कुणीतरी झाडाला टेकवून ठेवलेला. माडांमध्ये ती आमची गाडी, दार उघडं. घडीच्या पायरीवर आक्का बसलेली, नऊवारीतली एवढीशी बाई, दोन्ही हातांनी काकांचा लुळा हात चोळत. काका तिला गाडी दाखवत होते. फिरता संडास म्हणणारा माणूस! "बघ आक्के, घर घेवन इलंय मी. ह्या काय ता घर."

आक्का म्हणाली, "इलंस रे बाबा." तेवढंच. आणि हात चोळत राहिली.

काकू मागून आल्या, पदरानं तोंड पुसत. रात्री मुक्कामाला थांबूनही ड्रायव्हिंगनं चेहरा काळवंडला होता. मी ओरडून विचारलं, "काकू, हिरवा लावला की नाही काकांना?"

काकूंनी कमरेची स्टिकरची गुंडाळी काढली. पण काकांनी ती डाव्या हातानं त्यांच्याकडून ओढून घेतली. एका हातानं स्टिकर सोलता येईना, तर दात लावले. आक्का हसायला लागली. काकू म्हणत होत्या, "अहो, वाकडं लागेल, इकडं द्या, मी लावून घेते काठीवर."

"गप्प उभी रहा," काका म्हणाले, आणि तो हिरवा ठिपका काकूंच्या कपाळावर, कुंकवाच्या जरा वर, तिरका लावला. अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवला.

काकू फोन बंद करायलाही विसरल्या.